विचारलंत कशाला?

आमच्या भागात वनखात्याची जमीन दोन पद्धतींनी वापरता येते. एक न विचारता आणि दुसरी विचारून. न विचारता वापरली तर काम सकाळी सुरू होतं आणि दिवस मावळायला संपतं. शेळ्या जातात, चरतात, परत येतात. बाया जातात, सरपणाचा भारा बांधतात आणि डोक्यावर घेऊन येतात. सीताफळं डोळे उघडायला लागली की पोरं जातात आणि पोट भरून येतात. विचारून वापरायची म्हटलं की मात्र काम सुरू व्हायच्या आधी त्याला जावक क्रमांक पडतो, जावकेला पुढच्या टेबलावर आवक पडते, आणि ज्या कामासाठी माणूस घरातून निघाला होता ते काम बाजूला राहून तो त्या क्रमांकाचा शोध घेत फिरू लागतो.

मी नरसीचा. हिंगोली तालुक्यातलं, कयाधूकाठचं हे संत नामदेवांचं गाव. आषाढीला पंढरपूरला गेलेला वारकरी आषाढ वद्य एकादशीला परतवारीसाठी आमच्याकडे येतो, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी भरपूर असते. मी शाळामास्तर होतो, त्यामुळे अक्षर बरं आहे, आणि बरं अक्षर असलेल्या माणसाची निवृत्ती गावाला मान्य नसते. ‘गुरुजी, तेवढा एक अर्ज’ म्हणत पंचक्रोशीतून कुणीही येतं. घरकुलाचा अर्ज, विहिरीचा अर्ज, रोह्यांनी तूर खाल्ल्याचा अर्ज. हे सगळे एका पानात बसतात. वनजमिनीचा अर्ज पिशवीत बसत नाही.

जंगल म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे मेळघाट किंवा गडचिरोली येत असेल, तर त्यानं ते तिथंच राहू द्यावं. आमच्याकडे आलेले पाहुणे जंगलाच्या ऐन मधोमध उभे राहून विचारतात, ‘‘जंगल कुठून लागतं?’’ मुरमाड माळ, त्यावर तरवड आणि टणटणी, मधूनमधून पळस, एखादा धावडा आणि वनखात्याची पत्र्याची पाटी. बऱ्याच ठिकाणी ही पाटी हेच जंगलातलं सगळ्यात उंच झाड असतं. पण त्यामुळे जंगलाचं जंगलपण कमी होत नाही. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ रोजी सांगून ठेवलं आहे की सरकारी दप्तरात जिथं वन अशी नोंद आहे ते वनच, मालकी कुणाचीही असो. तेव्हापासून आमचा माळ निर्धास्त आहे. त्याला झाडं उगवायची घाई उरलेली नाही.

उलट माझ्या शेजाऱ्याच्या बांधावर चिंच, आंबा आणि जांभळाची अशी दाटी आहे की भर उन्हाळ्यात दुपारी तिथं बाज टाकून झोपावं. ते जंगल नाही, ते शेत आहे. पण त्यातला आंबा तोडायचा तर १९६४ चा झाडं तोडण्याचा कायदा आडवा येतो. त्याच्या अनुसूचीत सोळा प्रकारची झाडं आहेत. सागवान आणि चंदन असणारच, पण त्यांच्या पंगतीला आंबा, चिंच, जांभूळ, फणस आणि मोहही बसले आहेत. सारांश असा की जिथं जंगल आहे तिथं झाड नाही, जिथं झाड आहे तिथं जंगल नाही आणि परवानगी दोन्हीकडे लागते.

याबाबतीत पूर्व विदर्भ आमच्या पुष्कळ पुढे आहे. तिथल्या दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी एक नोंद आहे. गुरं चारायच्या, हलक्या मातीच्या, खुरट्या झुडपांच्या या जमिनी. वर्षानुवर्षं त्यांच्यावर घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी कार्यालयं झाली, स्मशानभूम्या झाल्या. मग २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ही ८६ हजारांहून अधिक हेक्टर जमीन वनच आहे. तेव्हा तिकडे असाही एखादा कारकून असेल, जो जंगलात खुर्ची टाकून, पंख्याखाली बसून, जंगलात अतिक्रमण केल्याची नोटीस दुसऱ्याला लिहीत असेल.

आता मूळ गोष्ट. आमच्या पंचक्रोशीत एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण त्याचा प्रस्ताव वर गेलेला आहे आणि वर गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. गावाची विहीर ओढ्याकाठी, टाकी गावठाणालगतच्या टेकाडावर आणि दोन्हींच्या मध्ये वनखात्याचा पट्टा. विहिरीत पाणी आहे, टाकीला तोट्या आहेत, मध्ये जंगल आहे. बाया पिढ्यान् पिढ्या डोक्यावर दोन आणि कडेवर एक घागर घेऊन याच पट्ट्यातून ये-जा करतात. घागरीतल्या पाण्याला परवानगी लागत नाही. तेच पाणी पाइपातून निघालं की तो ‘वनेतर वापर’ होतो.

उपसरपंच तरुण आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. ‘‘गुरुजी, जेसीबी माझ्या मेव्हण्याचा हाय. आमुशाच्या राती नाली खंदायची, पाइप गाडायचा, माती लोटायची, सकाळी वरून शेळ्या फिरवायच्या. कामून बोंबलत बसायचं?’’

सरपंचबाई म्हणाल्या, ‘‘चौकशी लागली तर जेसीबी मेव्हण्याचा, पण सही माझी. रीतसर करायचं.’’

रीतसर करायचं ठरलं म्हणून गाव माझ्याकडे आलं. मी स्वच्छ, समास सोडून, ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत नेटका अर्ज लिहिला. बीटवरच्या गार्डनं तो वाचला आणि वडीलधाऱ्या माणसानं उन्हातान्हात अनवाणी निघावं तसं काहीतरी मी केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. माणूस मोठा भला. म्हणाला, ‘‘गुरुजी, विचारलंत कशाला? माझं बीट एवढं मोठं, गाडी माझी, पेट्रोल माझं. मातीत गाडलेला पाइप मला काही दिसत न्हवता. आता तुम्ही तो कागदावर दाखवला. मातीतलं नाही दिसलं तर चालतं, कागदावरचं न दिसून माझी नोकरी ऱ्हायची नाही.’’

या एका वाक्यात वनप्रशासनाचं सगळं शास्त्र आहे. गार्डावर वनपाल, वनपालावर वनपरिक्षेत्र अधिकारी, त्यांच्यावर सहायक वनसंरक्षक, त्यांच्यावर उपवनसंरक्षक, त्यांच्यावर मुख्य वनसंरक्षक आणि सगळ्यांवर नागपूर. एवढी मोठी उतरंड उभी आहे ती जे विचारतात त्यांच्यासाठी. जे विचारत नाहीत त्यांच्यासाठी फक्त एक गार्ड आहे आणि तो त्या दिवशी दुसऱ्या गावाला असतो.

कुणीतरी म्हणालं, हल्ली हे सगळं ऑनलाइन झालंय. खरंच झालंय. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘परिवेश’ नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. एक खिडकी. पूर्वी अनेक खिडक्यांवर विभागून उभं राहावं लागे, आता एकाच खिडकीवर सलग उभं राहता येतं. आम्ही हिंगोलीला एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. तिथला मुलगा पीकविमा, शिष्यवृत्ती आणि पोलीस भरती एकाच वेळी भरत होता. त्यानं वनजमिनीचं पान उघडलं आणि पहिल्याच रकान्यात गावाचं नाव बदललं. गाव आता गाव राहिलं नाही, ती झाली ‘वापरकर्ता यंत्रणा’. वापरकर्ता यंत्रणेतर्फे हजर असलेल्या एका म्हाताऱ्यानं कोपरीच्या खिशातून तंबाखू काढली, मळली आणि विचारलं, ‘‘आपलं नाव गेलं का काय?’’

मग के.एम.एल. फाइल मागितली. म्हणजे ज्या रेषेवरून पाइप जाणार ती रेषा मोबाइलवर चालत नोंदवायची आणि नकाशा चढवायचा. गावातल्या एका होतकरू पोरावर ही जबाबदारी सोपवली. तो विहिरीपासून टाकीपर्यंत बरोबर चालला. मग भूक लागली म्हणून मोबाइल खिशात टाकून घरी गेला. मोबाइल बंद करायचा राहिला. त्या नकाशाप्रमाणे गावाची पाणीपुरवठा योजना ओढ्याकाठी सुरू होते, टाकीला वळसा घालते, मारुतीच्या पारावर बराच वेळ थांबते आणि त्याच्या आईच्या चुलीजवळ संपते.

नाली सहाशे मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद. क्षेत्र ०.०३ हेक्टर. ज्या रकान्यात हा आकडा भरायचा तो रकाना धरणं, महामार्ग आणि खाणींसाठीही तोच. आमचे तीन गुंठे तिथं फार अवघडून बसले. पुढचे रकाने वाचता वाचता सरपंचबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पर्यायी वनीकरण, निव्वळ वर्तमान मूल्य, खर्च-लाभ विश्लेषण. मंजुरीसुद्धा दोन टप्प्यांची, आधी तत्त्वतः आणि मग अंतिम. तत्त्वतः मंजुरी म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पाणी येणार हे सरकारला पटलेलं असतं, फक्त ते अजून आलेलं नसतं. त्या म्हणाल्या, ‘‘मग ते तर निवडणुकीतच झालंय.’’

एवढ्यात एका जाणत्या कार्यकर्त्यानं दुसरी वाट दाखवली. २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या तिसऱ्या कलमात सोय आहे की गावाच्या तेरा प्रकारच्या सुविधांसाठी, प्रत्येकीला एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी पंच्याहत्तरपर्यंत झाडं तोडावी लागतील इतकीच वनजमीन, ग्रामसभेची शिफारस असेल तर देता येते. दिल्लीला जावं लागत नाही. यादी मोठी मायेनं केलेली आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि टेलिफोनच्या तारा, तळं, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, पाणी अडवण्याची कामं, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य प्रशिक्षण, रस्ता आणि समाजमंदिर. मी ती गावात मोठ्यानं वाचून दाखवली. तंबाखूवाल्या म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘यात मसनवटा न्हाई का?’’ मी पुन्हा वाचली. नाही. या कायद्याखाली माणूस जंगलात जन्मभर शिकू शकतो, औषध घेऊ शकतो, रेशन उचलू शकतो आणि सौरदिव्याखाली बसू शकतो. मरायचं मात्र त्यानं महसुली जमिनीत.

‘‘म्हंजी जितेपणीच सगळं उरकून घ्यावं लागतं,’’ म्हातारा म्हणाला, आणि पाइपलाइनला त्याचा पाठिंबा मिळाला.

आता ग्रामसभा. शिफारशीला वजन यायचं तर निम्मं गाव हजर पाहिजे. निम्मं गाव एका जागी यायचे प्रसंग आमच्याकडे दोनच, मतदान आणि महाप्रसाद. मतदान लांब होतं. ग्रामसेवक (सरकारनं आता त्यांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं आहे, गावानं अजून केलेलं नाही) हुशार निघाले. त्यांनी ग्रामसभा सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी ठेवली. कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली, पंगत बसली आणि वाढप्यांच्या मागोमाग ठरावाचं रजिस्टर फिरलं. वरण, भात, बुंदी आणि सही. दिवस हळदीच्या हंगामाचे होते. घरोघर हळद शिजवणं, वाळवणं, घोळणं चाललेलं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून इकडे माणसं हातसुद्धा जरा जपून धुतात. त्यामुळे अंगठ्यांना शाई फारशी लागलीच नाही. ठरावाची पानं अशी पिवळी झाली की प्रस्ताव कमी आणि लग्नपत्रिका जास्त वाटावी. वरच्या टेबलावरच्या माणसानं ती हुंगून पाहिली म्हणतात.

प्रस्ताव गेला आणि यथावकाश परत आला. त्रुटी. अर्जात ‘चार इंची पाइप’ लिहिलं होतं, सोबतच्या दरपत्रकात ११० मिलिमीटर. आता दुकानात ११० मिलिमीटरच्या पाइपाला सगळे चार इंचीच म्हणतात. दुकानदार म्हणतो, प्लंबर म्हणतो, पाइपही काही हरकत घेत नाही. पण चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर. शेऱ्यात लिहिलं होतं की उर्वरित ८.४ मिलिमीटरचा खुलासा करावा.

मला राग आला नाही, अभिमान वाटला. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, ‘लायगो’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरचे दोन काटकोनी बाहू आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढा फरक पडला तरी तो ओळखणारी यंत्रं. केंद्रानं २०१६ च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मंजुरी दिली (पुन्हा तत्त्वतः!) आणि २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. सात वर्षं लागली म्हणून शास्त्रज्ञ हळहळले असतील. पण २०१५ साली अमेरिकेत जी पहिली लहर सापडली ती निघून १३० कोटी वर्षं झाली होती. लहरींनाच घाई नसेल तर फायलीला कशाला असावी? आणि सूक्ष्म फरक पकडण्याचं म्हणाल तर वेधशाळेची पहिली वीट बसण्याच्या आधीपासून आमच्या इकडच्या टेबलांवर त्याची उत्तम सोय आहे, तीही एका चष्म्यात.

औंढ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर त्यांना तिथंच भेटले. तिथली दुसरी कथा तर महाराष्ट्राला पाठ आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागे हाकललं, आणि ते मागे गेले तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी आजही देवळाच्या मागच्या बाजूला आहे. भाविक हे दर्शन घेताना गहिवरतात. मी अर्ज लिहायला लागल्यापासून माझ्या मनात भलतंच येतं. मंजूर नकाशात प्रवेशद्वार पूर्वेला, प्रत्यक्ष जागेवर पश्चिमेला. सुधारित नकाशा नाही, ना हरकत नाही, नंदीच्या स्थलांतराबाबत स्वतंत्र प्रस्ताव नाही. देवानं विचारलं नाही म्हणून ते एका रात्रीत झालं.

आणि नामदेवांनी वनहक्काचा दावा टाकला असता तर? या कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. कळमनुरी, औंढा भागातल्या आंध बांधवांना एवढ्यावर भागवता येतं, आणि कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही आहे. इतरांना मात्र त्या तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं, तिथं राहून वनावर गुजराण केल्याचं सिद्ध करावं लागतं. हिशेब केला तर १३ डिसेंबर १९३० येतो. तेव्हा इथं निजाम होता. म्हणजे स्वतंत्र भारतातला हक्क मिळवायला हैदराबादच्या उस्मान अली खानाच्या राज्यातला कागद हवा आणि तो उर्दूत निघणार किंवा मोडीत. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, तेव्हा या दोन लिपी वाचणाऱ्यांना जो भाव आला तो सोयाबीनला येता तर काय हवं होतं.

कागद नसेल तर वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो, ही कायद्यातली फार सुंदर तरतूद आहे. सुरुवातीच्या दाव्यांच्या वेळी मी असा एक जबाब लिहून घेतला होता. आजोबा ऐंशीचे. १९३० मध्ये ते दुपट्यात असणार. तरीही त्या वर्षी कोणत्या नाल्याच्या कोणत्या काठावर कुणाची गुरं बसत, त्यातली खिल्लारी किती आणि गावरान किती, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. नामदेवांची बाजू तर त्याहून भक्कम. जन्म शके ११९२, म्हणजे सन १२७०. मुदतीच्या आधी साडेसहाशे वर्षं. पण दावा त्रुटीत निघाला असता, कारण त्यांचा जन्म पंढरपूरचा असं मानणारेही अभ्यासक आहेत, आणि पुढं ते पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, पण रहिवासाचा पुरावा म्हणून ती कुणी जोडून घेईल असं वाटत नाही. ‘अर्जदार सतत बाहेरगावी असल्याचे दिसून येते.’

विचारणाऱ्यांच्या पंथात सगळ्यात मोठा मान मी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला देतो. देवाजी तोफांच्या या गावानं अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो २००९ मध्ये. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. हक्क मिळाला, बांबू गावाचा झाला. गावानं तो विकायला काढला, आणि मग उठला प्रश्न वाहतूक परवान्याचा. बांबू तुमचा, पण तो इथून हलवायचा तर पास आमचा. आता या बांबूची गंमत अशी की वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं आणि १९२७ चा भारतीय वन कायदा त्याला झाड म्हणत होता. इंग्रजांनी एकदा झाड म्हटल्यावर बांबूची काय बिशाद. तो नव्वद वर्षं इमानानं झाड होऊन उभा राहिला. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि वनाबाहेरचा बांबू झाड असण्यातून सुटला. वनाच्या आतला अजून ड्यूटीवर आहे.

तर मेंढ्याच्या लोकांनी हट्ट धरला की पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात द्या. आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते देण्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश दिल्लीहून स्वतः आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही आले. पावतीपुस्तकाएवढी वस्तू. ती एका टेबलावरून गावापर्यंत पोचवायला देशाचा मंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री लागला. माझ्या माहितीत याहून भारी पोस्टमन कुठल्याही पुस्तकाला मिळालेले नाहीत. मी ही हकिगत आमच्या गावाला सांगितली, उभारी यावी म्हणून. उपसरपंचानं विचारलं, ‘‘म्हंजी मंत्री येईपर्यंत थांबायचं का?’’

८.४ मिलिमीटरचा खुलासा आम्ही पाठवला. दुकानदाराचं पत्र जोडलं, त्यावर शिक्का मारून घेतला. प्रस्ताव पुन्हा वर गेला. दरम्यान उन्हाळा आला. गावाला टँकर लागला. तो टँकर रोज त्याच पट्ट्यातून, त्याच गाडरस्त्यानं, दोन्ही बाजूंचा तरवड चेंगरत यायचा. टँकरला कुणी परवानगी विचारली नाही, कारण टँकरनंही कुणाला विचारली नव्हती. सरपंचबाईंनी मधे एकदा चौकशी केली तर फाइल ‘फिरती’वर आहे असं कळलं. आमच्या गावातल्या बहुतेक माणसांनी जेवढा जिल्हा पाहिला नाही, तेवढा त्या फाइलीनं पाहिला असेल.

पावसाळ्यात त्या पट्ट्यात वृक्षलागवड झाली. लागवडीचं आमच्या राज्याला वेड आहे. २०१६ मध्ये दोन कोटी झाडांपासून सुरुवात झाली आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचं लक्ष्य होतं. तेव्हा माणूस दिसला की त्याच्या हातात रोप देत. मीही त्यात लावली होती काही, त्यातलं एक जगलंय आणि ते शाळेच्या आवारात असल्यानं त्याची गणना जंगलात होत नाही. यंदाची रोपं मात्र गार्डनं जीव लावून लावली. खड्डे नीट, आळी नीट, काट्यांचं कुंपण. दिवाळीनंतर जमीन तडकायला लागली तसा तो बेचैन झाला. रोपं जगली पाहिजेत, वरून टक्केवारी विचारतात. पाणी फक्त एका जागी. ओढ्याकाठच्या विहिरीत.

एके सकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. चहा झाला. मग हळूच म्हणाला, ‘‘गुरुजी, एक अर्ज लिहून द्या की. विहिरीवरून रोपांपर्यंत तात्पुरता पाइप टाकावा म्हणतो. आमच्याच जागेतून जातो, त्याचं काही नाही. पण विहीर ग्रामपंचायतीची ना.’’

मी लिहून दिला. समास सोडून, ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत. तो घेऊन आम्ही दोघं ग्रामपंचायतीत गेलो. सरपंचबाई होत्या, उपसरपंच होता, तंबाखूवाला म्हातारा दारातच बसला होता. ग्रामसेवकांनी अर्ज हातात घेतला. चष्मा पुसला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग उलटा करून पाठीमागची कोरी बाजूही वाचली. आवक नोंदवहीत नोंद केली, क्रमांक टाकला, शिक्का मारला.

‘‘पाइप किती इंची म्हणलात?’’

‘‘दोन इंची, सायब.’’

‘‘मिलिमीटरमध्ये पाहिजे. दरपत्रक जोडलेलं नाही. नकाशा नाही. आणि गावाचं पाणी गावाबाहेर जातंय म्हटल्यावर ठराव लागंल.’’ त्यांनी टोपण लावून पेन खिशाला अडकवलं. ‘‘ग्रामसभा आता पुढच्या काल्याला.’’